ब्रेक पूर्ण दाबलेला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं, तरी गाडी सरळच का जाते?

जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या आसपास कार चालवणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येतो. वळणावर अचानक ट्रॅक्टर दिसला, ब्रेक जोरात दाबला, स्टिअरिंगही फिरवलं, पण गाडी वळलीच नाही. नाकासमोर घसरत गेली. नंतर गॅरेजमध्ये तपासणी केली तर ब्रेक ठीक, टायर शाबूत, स्टिअरिंगमध्येही दोष नाही. मग झालं काय? यावर बहुतेक ठिकाणी ‘ब्रेक लागला नाही’ एवढंच उत्तर मिळतं. खरा प्रकार उलटा असतो. ब्रेक पुरेपूर लागलेला असतो आणि त्यामुळेच वळण्यासाठी टायरकडे काही शिल्लक राहत नाही. एवढं नीट समजलं की ब्रेक कुठे दाबायचा, कधी सोडायचा, टायर घेताना काय पाहायचं आणि घसरल्यावर हातापायांनी काय करायचं, हे ठरवणं सोपं जातं.

पकड एकच, मागणारे दोन

कार कितीही मोठी असली तरी रस्त्याला टेकलेला तिचा भाग म्हणजे तळहाताएवढे रबराचे चार ठसे. वेग वाढवणं, कमी करणं आणि दिशा बदलणं ही तिन्ही कामं या चार ठशांच्या पकडीवरच चालतात. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आणि एकीने सगळं पाणी ओढून घेतलं तर दुसरी कोरडी पडते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांचं नातं नेमकं असंच आहे. टायरची सगळी पकड गाडी थांबवण्यात खर्ची पडत असेल, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकं तिरकी होतात पण गाडी तिरकी होत नाही.

हिशेब आकड्यांत पाहिला तर हे अधिक पटतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरला साधारण गाडीच्या वजनाच्या ७० टक्के एवढी पकड मिळते असं धरू. ओल्या रस्त्यावर ती ४० टक्क्यांच्या आसपास येते, तर डांबरावर चिखल किंवा सैल खडी असेल तर २५ टक्के किंवा त्याहूनही कमी. आता १०० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते घेण्यासाठी वजनाच्या सुमारे २८ टक्के पकड लागते, ८० च्या वेगाने सुमारे ५० टक्के. म्हणजे कोरड्या रस्त्यावर ८० ने वळताना ब्रेकसाठी थोडी पकड उरते. ओल्या रस्त्यावर मात्र तेच वळण त्याच वेगाने, ब्रेकला पाय न लावताही, घेता येणं शक्य नाही. वेग ६० वर आणला तर त्याच ओल्या वळणावर गाडी वळते आणि बेताने ब्रेक दाबण्याइतकी पकडही उरते. वळणासाठी लागणारी पकड वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ६० आणि ८० मधला फरक स्पीडोमीटरवर दिसतो त्यापेक्षा टायरला फार मोठा असतो.

ब्रेक इतका दाबला की चाक फिरायचंच थांबलं, तर परिस्थिती आणखी बिघडते. फिरणारं चाक स्वतःच्या दिशेने सहज पुढे जातं आणि आडवं सरकायला विरोध करतं. वळणं म्हणतात ते यालाच. जाम झालेल्या चाकाला पुढे काय आणि आडवं काय, सारखंच. ते गाडी ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने घासत जातं, मग त्याचं तोंड कुठेही असो. टायरची पकड सर्वांत चांगली असते ती चाक रस्त्याच्या वेगापेक्षा किंचित हळू, पण फिरत असताना.

इथे विचारी वाचक एक रास्त शंका काढतात. ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढच्या चाकांवर येतं. मग पुढच्या चाकांची पकड वाढून गाडी उलट जास्त चांगली वळायला हवी. अर्धी गोष्ट खरी आहे. हजार किलोच्या कारला जोरात ब्रेक लावला तर दीडशे किलोच्या आसपास भार मागून पुढे सरकतो. पण टायरवर भार ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही, थोडी कमीच वाढते. शिवाय थांबवण्याचं बहुतांश कामही पुढच्याच चाकांच्या ब्रेककडे दिलेलं असतं. हलक्या ब्रेकमध्ये वजन पुढे आल्याचा वळायला फायदा होतो, जोरदार ब्रेकमध्ये तो फायदा ब्रेकच गिळतो. कार बनवणारे पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम होतील अशी मांडणी जाणूनबुजून करतात. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते आणि ती आवरणं सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. सरळ घसरणारी गाडी निदान ब्रेक ढिला करून परत ताब्यात आणता येते. म्हणून तुमची कार सरळ गेली यात तिचा दोष शोधू नका. दोन वाईटांपैकी कमी वाईट तिच्यासाठी आधीच निवडलेलं आहे.

आपल्या रस्त्यांवर पकड दर शंभर पावलांवर बदलते

वरचे आकडे स्वच्छ रस्त्याचे. जालना, राजूर, टेंभुर्णी, जाफ्राबाद या पट्ट्यात रस्ता एकाच प्रवासात चार प्रकारचा भेटतो. त्यामुळे ‘मी या रस्त्यावर वीस वर्षं ८० नेच जातो, कधी काही झालं नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. वीस वर्षं ज्या जागी पकड होती, त्या जागी आज सकाळी शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडला असेल.

काळ्या मातीचा गुणच असा की पाणी लागलं की ती फुगते आणि चिकट होते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून ती डांबरावर येते, गाड्यांखाली पसरते आणि थोड्याशा सरीने रस्त्यावर बुळबुळीत थर तयार होतो. शेतरस्ता डांबरी रस्त्याला मिळतो तिथे हे हमखास होतं, आणि नेमक्या त्याच जागी समोरून कोणी बाहेर येण्याची व ब्रेक लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. मृगाच्या पहिल्या पावसातली घसरण वेगळी: महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि गाड्यांतून गळलेलं तेल पाण्यावर तरंगतं. मुसळधार पावसाने रस्ता धुऊन निघाल्यावर पकड थोडी सुधारते. रिमझिम जास्त फसवी. उन्हाळ्यात काही ठिकाणी डांबर वर येऊन चकचकीत काळे पट्टे दिसतात. तिथे खडी झाकली गेलेली असते, पाऊस पडला की तो पट्टा ओल्या फरशीइतका गुळगुळीत होतो.

सुगीच्या दिवसांत मका, सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं दिसतं. कडक दाणे टायर आणि डांबर यांच्या मधे येऊन गोल फिरतात, टायरला धरायला रस्ताच मिळत नाही. शेतकऱ्याकडे माल वाळवायला पक्कं खळं नसतं, ही अडचण खरी आहे आणि ती ग्रामपंचायतीने सोडवायला हवी. पण तोवर चालक म्हणून तुम्ही दाण्यांच्या थरावर ना ब्रेक लावायचा ना वळायचं. थराच्या आधीच वेग उतरवा आणि सरळ, एकसारख्या वेगाने पार व्हा.

थांबायला किती जागा लागते

खालच्या अंतरात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला आहे. हिशेब सपाट रस्त्याचा, चांगल्या टायरचा आहे.

- ताशी ४०: कोरड्यावर सुमारे २६ मीटर, ओल्यावर ३२
- ताशी ६०: कोरड्यावर सुमारे ४५ मीटर, ओल्यावर ६०
- ताशी ८०: कोरड्यावर सुमारे ६९ मीटर, ओल्यावर ९६
- ताशी १२०: कोरड्यावर सुमारे १३१ मीटर, ओल्यावर १९२

शेवटची ओळ समृद्धी महामार्गासाठी. जालन्याजवळ त्यावर चढलात की कारला १२० ची मुभा मिळते. पण ती मुभा आहे, पावसात पाळायचा वेग नव्हे. पाण्याचा थर साचलेला असेल आणि टायर झिजलेला असेल तर या वेगांत टायर पाण्यावरच उचलला जातो. तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही काही क्षण निकामी होतात. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर हाच इशारा समजा: एक्सिलरेटर सावकाश सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक टाळा.

‘माझ्या गाडीला एबीएस आहे’

हा सर्वांत मोठा गैरसमज. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे नव्या गाडीचे मालक निर्धास्त असतात. एबीएस करतं ते एवढंच: चाक जाम होऊ लागलं की त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडून पुन्हा धरतं, म्हणजे चाक फिरतं राहतं आणि थोडंफार वळता येतं. रस्त्यात जेवढी पकड आहे तेवढीच ते वापरू शकतं, नवी पकड तयार करू शकत नाही. वळणासाठीच ५० टक्के लागत असताना रस्ता ४० टक्केच देत असेल, तर एबीएस असलेली कारही बाहेर जाणारच. सैल खडीवर किंवा मुरमावर तर एबीएस असताना थांबण्याचं अंतर काहीसं वाढू शकतं, कारण जाम झालेलं चाक खडीत रुतून स्वतःपुढे ढीग करतं आणि फिरतं चाक तसं करत नाही. तरीही एबीएस हवंच. चार-दोन मीटर उशिरा थांबलेली पण हातात राहिलेली गाडी, लवकर थांबेल अशा आशेवर आडव्या गेलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

याच्या पुढची सोय म्हणजे ईएससी. तुम्ही स्टिअरिंग जिकडे वळवलं तिकडे गाडी जात नाही हे ते ओळखतं आणि गरज असलेल्या एकाच चाकाला ब्रेक लावून नाक वळवायला मदत करतं. गाडी सरळ घसरत असेल तर सहसा आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या कारच्या सुरक्षा-चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ईएससी असावं लागतं. नवी कार घेताना सनरूफआधी तुम्ही निवडलेल्या व्हेरिएंटमध्ये ईएससी आहे का, हे माहितीपत्रकात स्वतः वाचा.

मोठी एसयूव्ही घेतली की हा प्रश्न सुटतो, असंही अनेकांना वाटतं. वजन जास्त म्हणजे पकड जास्त हे बरोबर, पण थांबवायचं वजनही तेवढंच जास्त. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उंच गाडीचा भार मात्र वळणात आणि ब्रेकमध्ये अधिक सरकतो. मागे माणसं आणि पोती भरलेल्या जीपची ब्रेकची वागणूक रिकाम्या जीपसारखी राहत नाही, हे काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

काय करायचं

मुख्य नियम एकच: ब्रेकचं काम सरळ रस्त्यावर संपवा, वळणात फक्त वळा. वळणाआधी वेग उतरवा, गिअर कमी करा, वळण सुरू होताना ब्रेक हळूहळू सोडा, वळणात एकसारखा वेग ठेवा. ओल्या वळणात झटक्याने एक्सिलरेटर सोडणंही टाळा. भार एकदम पुढे येतो आणि हलकी झालेली मागची चाकं सटकू शकतात.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: समोर रोही किंवा कुत्रं आलं तर एवढा विचार करायला वेळ कुठे असतो? बरोबर, नसतोच. म्हणूनच पहिली प्रतिक्रिया आधी ठरवून ठेवायची. जनावर आडवं आलं तर सरळ रेषेत पूर्ण ब्रेक. स्टिअरिंगला झटका नाही. रोह्यासारखं मोठं जनावर गाडीवर येणं धोक्याचंच, पण ८० च्या वेगात स्टिअरिंग फिरवून झाडावर, पुलाच्या कठड्यावर किंवा समोरच्या ट्रकवर जाणं बहुधा त्याहून वाईट. वेग पुरेसा उतरल्यावर आणि बाजू मोकळी दिसल्यावरच वळवा.

घसरण सुरू झाल्यावर:

- एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. यंत्रणा काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. घाबरून पाय उचलू नका, पंप करू नका.
- एबीएस नसेल आणि चाकं जाम झाली तर ब्रेक क्षणभर सोडा, चाकं फिरू द्या, वळा, मग पुन्हा दाबा.
- गाडी वळत नाही, सरळ जाते आहे असं वाटलं तर स्टिअरिंग आणखी फिरवू नका. थोडं सरळ करा, ब्रेक किंचित ढिला करा. पकड परत आल्याचं हाताला कळतं. तेव्हा पुन्हा वळवा. जास्त फिरवलेल्या चाकांना पकड अचानक मिळाली तर गाडी उलट दिशेला झेपावते.
- मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर ब्रेक सोडा आणि जिकडे जायचं तिकडे पाहत स्टिअरिंग त्या दिशेला ठेवा.
- हँडब्रेक ओढू नका. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो; वळणात ओढला तर गाडी फिरते.
- उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवू नका. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो.

तिसरा मुद्दा वाचायला सोपा आणि करायला अवघड आहे, कारण भीतीत हात उलटंच करतात. म्हणून मोकळ्या, सपाट मैदानावर, आसपास कोणी नसताना, ताशी ३० च्या आत पूर्ण ब्रेक दाबून पाहण्याचा सराव जरूर करा. एबीएसची थरथर पायाला पहिल्यांदा खऱ्या संकटात कळू नये.

अर्धी गाडी डांबरावर, अर्धी मुरमावर

अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देताना डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. तेव्हा ब्रेक जोरात दाबला तर उजवी चाकं डांबराला घट्ट धरतात, डावी मुरमावर सरकतात आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिशेला ओढली जाते. एबीएस ही ओढ कमी करतं, नाहीशी करत नाही. साइडपट्टी खचून डांबराची कड उंच राहिली असेल तर दुसरा सापळा तयार असतो. घाईने स्टिअरिंग उजवीकडे मारलं की टायर आधी कडेला घासत राहतो आणि मग एकदम वर चढतो. तिरकी झालेली चाकं गाडीला थेट पलीकडच्या बाजूला फेकतात. अशा वेळी ब्रेक हलका, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ. समोरची गाडी जाऊ द्या, वेग वीस-तीसवर येऊ द्या, कड कमी असेल तिथून सावकाश वर या.

टायर आणि ब्रेक: पैसे कुठे घालावेत

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांमधले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की टायर संपला समजा. पावसाळ्यासाठी मात्र ही मर्यादा गाठेपर्यंत थांबू नका. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. जुन्या टायरचं रबर नक्षी शिल्लक असूनही कडक होतं. कारच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर लावण्याची बचत करू नका. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा. दुकानदार बहुधा पुढे बसवायला सांगेल, पण ओल्या रस्त्यावर मागचे टायर आधी सुटले तर गाडी फिरते, आणि ते आवरणं जास्त कठीण. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर फक्त अलाइनमेंट करून परतू नका. एका चाकाचा कॅलिपर अडकलेला असू शकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. शॉकअप गेले असतील तर टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि उडालेल्या टायरला पकड शून्य. एबीएसचा दिवा सतत जळत असेल तर साधा ब्रेक चालेल, पण चाकं जाम होऊ शकतात.

तुमचे हक्क

ब्रेक किंवा एबीएसमध्ये मूळचाच दोष असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलावायला लावू शकतं. तुमच्या गाडीसाठी अशी घोषणा झाली आहे का, हे चेसिस क्रमांक देऊन कंपनीकडे विचारा. दुरुस्तीचं बिल आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. थर्ड पार्टी विम्यातून समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, झाडावर आदळलेल्या तुमच्या स्वतःच्या कारचं नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का, हेही तपासा.

अपघातात जखमींसाठी १०८ किंवा ११२ ला फोन करा. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत, निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. रुग्णालयात ते स्पष्ट शब्दांत मागा. मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

रस्त्याचा दोष असेल तर तो नोंदवा. कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल सुरक्षा-मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणा किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी पुरावा लागतो आणि तो बहुधा पुढच्या पावसात वाहून जातो. म्हणून जखमींची सोय झाल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी शक्य असेल तर, फोटो घ्या: टायरच्या खुणा कुठून सुरू होतात, त्या जागी चिखल, खडी, दाणे किंवा खचलेली साइडपट्टी आहे का, वळणाचा फलक आहे की नाही, आणि ओळख पटावी म्हणून जवळचा किलोमीटरचा दगड. राज्यमार्गासाठी लेखी तक्रार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे द्या, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ वर नोंदवा, आणि पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.